चिमटा बदलला आणि सायकलचं वागणंच बदललं

रपेटकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक साधी हायब्रिड आहे. ७०० × ३५ चे टायर, पुढचा चिमटा (फोर्क) स्टीलचा, बिनशॉकचा. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्यात चाक गेलं आणि चिमटा मागे वाकला. दुकानात म्हणाले, तसाच मिळणं कठीण आहे, शॉकवाला टाकू, मनगटाला पण आराम. टाकला. बसला चपखल, ब्रेकही जुळले.

पण सायकल आता परकी वाटते. उतारावर पंचवीस-तीसच्या वेगाला नाकासमोर चालते, पूर्वीपेक्षाही सरळ. सिंहगडाचा चढ सुरू झाला की मात्र हँडल सारखं एका बाजूला कलंडतं. सगळ्यात हलका गिअर, वेग सहा-सात, आणि माझी रस्त्यावर नागमोडी नक्षी. सिग्नलला हळूहळू पुढे सरकतानाही तेच.

हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) पाहिला, ढिला नाही आणि आवळलेलाही नाही. रिमला आऊट नाही. दुकानदार म्हणतो सवय होईल. नुसता फोर्क बदलल्यानं एवढा फरक पडतो का? पडत असेल तर पुढचा फोर्क घेताना नेमकं काय बघायचं?

मधली दांडी

पुढच्या चाकात हवा किती?

रपेटकर

५५ पीएसआय. आधीही तेवढीच असायची.

खटपट्या

हवेचा दोष नाही. फोर्कमुळे एवढा फरक पडतो, अगदी नक्की पडतो. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे वाकलेले चिमटे सरळ करण्यात सुट्ट्या गेल्या आहेत. जरा बैजवार लिहितो.

तीन गोष्टी बघायच्या. पहिली हेड अँगल, म्हणजे हँडलखालची आखूड नळी जमिनीशी करते तो कोन. रेसिंगच्या सायकलला ७३ अंशांच्या आसपास, हायब्रिडला ७१-७२. दुसरी ऑफसेट, याला रेकही म्हणतात. त्या नळीच्या मध्यातून जाणारी रेघ खाली वाढवली तर चाकाचा अ‍ॅक्सल त्या रेघेच्या किती पुढे आहे ते अंतर. बहुतेक ४० ते ५० मिमी. तिसरी चाकाची त्रिज्या, टायर धरून.

या तिघांतून चौथी गोष्ट निघते ती ट्रेल. तीच रेघ जमिनीला जिथे टेकते, त्याच्या मागे टायर जमिनीला टेकतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक बघा, ते आपल्या खिळ्याच्या मागे फरपटत येतं आणि ढकलाल त्या दिशेला आपोआप वळतं. सायकलचं पुढचं चाकही याच कारणानं सरळ राहायला बघतं. शिवाय सायकल डावीकडे कलली की जमिनीचा रेटा ट्रेलमुळे चाकाला डावीकडेच वळवतो, चाक तोलाखाली येतं आणि सायकल सावरते. हात सोडून चालवणारे नकळत हेच वापरत असतात.

सूत्र असं:

ट्रेल = (त्रिज्या × कॉस हेड अँगल − ऑफसेट) ÷ साइन हेड अँगल

यात लोकांचा नेहमी घोळ होतो तो ऑफसेटपाशी. ऑफसेट वजा होतो. म्हणजे चिमटा जितका पुढे वाकलेला, तितका ट्रेल कमी. बघणाऱ्याला उलटं वाटतं. चाक पुढे गेलं म्हणजे सायकल जास्त स्थिर झाली असणार, असं पुष्कळ जाणते मेकॅनिकसुद्धा सांगतात.

तुमच्या अपघातात चिमटा मागे वाकला, म्हणजे ऑफसेट घटला आणि ट्रेल वाढला. शॉकवाल्यानं तो दुसऱ्या वाटेनं वाढवला असणार, कारण तो उंच असतो. दोन आकडे द्या: अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची उंची, जुन्याची आणि नव्याची. जुन्याची मोजू नका, तो वाकलाय. कंपनीच्या साइटवर भूमितीचा तक्ता असतो, त्यातून घ्या.

पोटऱ्या_बेजार

खटपट्याकाका, दंडवत. दहावीनंतर कॉस आणि साइन पहिल्यांदाच कुठेतरी कामाला आलेले पाहिले.

रपेटकर

तक्ता मिळाला. हेड अँगल ७१.५, ऑफसेट ४५, फोर्कची उंची ४००. नवा फोर्क मोजला तर उंची ४६०. ऑफसेट त्याच्या खोक्यावर ४२ लिहिलाय. मी सीटवर बसलो की साधारण १५ मिमी दबतो. दोन चाकांमधलं अंतर १०५० च्या आसपास.

खटपट्या

मग हिशोब सरळच आहे. बसल्यावरही पुढची बाजू ४५ मिमीने उचललेली राहते. एवढ्या लांबीच्या सायकलला दर २० मिमीमागे साधारण एक अंश कोन पडतो. तुमचा ७१.५ चा झाला ६९ च्या जरा वर.

३५ चा टायर धरून त्रिज्या ३४६ मिमी. आधीचा ट्रेल ६८ मिमी. आताचा ८६-८७. आणि यातले फक्त तीनेक मिमी ऑफसेट बदलल्याचे, बाकी सगळे उंचीचे.

आता हँडल का कलंडतं? सायकल उभी धरा आणि हँडल हळूहळू वळवा. पुढची बाजू किंचित खाली बसते. बसते म्हणजे तुमचं वजनच हँडलला आणखी वळवायला बघतं. याला व्हील फ्लॉप म्हणतात. ट्रेलला साइन आणि कॉस दोन्हींनी गुणलं की त्याचा आकडा मिळतो. तुमचा साडेवीस मिमीचा जवळजवळ २९ झालाय. चाळीस टक्के वाढ!

वेगात असताना ट्रेलची सरळ करणारी ओढ वाढते आणि ती फ्लॉपला दाबून टाकते, म्हणून उतारावर तुम्हाला मजा येते. चढावर सहाच्या वेगाला ती ओढ जवळपास संपते, फ्लॉप मात्र तेवढाच राहतो. दोन्ही लक्षणं एकाच कारणाची.

आणखी एक, जे कोणी बघत नाही. पुढची बाजू उचलली की सगळी सायकल मागच्या चाकाभोवती मागे झुकते. सीट पेडलच्या मानाने २५-३० मिमी मागे गेली असणार, बीबी (पेडलचा मधला आस) दीड-पावणेदोन सेंटीमीटर वर. चढावर आधीच वजन मागे असतं, त्यात ही भर. पुढचं चाक हलकं पडलं की नागमोड आणखी वाढते. तूर्तास सीट रुळांवर पुढे सरकवा आणि तिचं नाक सपाट करा. दुखणं जाणार नाही, पण सिंहगड चढताना जरा बरं वाटेल.

मधली दांडी

ज्यांच्याकडे तक्ता नाही त्यांनी काय करायचं? माझी सायकल अशा कंपनीची आहे की साइटवर फक्त रंग किती उपलब्ध आहेत तेवढंच लिहिलंय.

खटपट्या

घरी मोजता येतं. सपाट फरशी, सायकल भिंतीला ताठ उभी, चाक सरळ. शॉक असेल तर कोणालातरी वर बसवा. एक लांब सरळ पट्टी घ्या, पडद्याचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉडही चालतो. ती हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या त्या आखूड नळीच्या बाजूला, तिच्या मध्यरेषेला समांतर धरून फरशीपर्यंत न्या, टेकली तिथे खडूची खूण. मग अ‍ॅक्सलच्या मध्यावरून ओळंबा सोडा, गवंड्याकडचा नसला तर दोऱ्याला नट बांधा. तो टेकला तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर हाच ट्रेल, सूत्रबित्र काही नको. दोन-चार मिमीची चूक होते. तेवढी चालते, कारण स्वभाव बदलल्याचं जाणवायला साधारण पाच मिमी तरी लागतात.

मोबाइलमधल्या कोन मोजायच्या अ‍ॅपवर फार विसंबू नका. कोनात एक अंश चुकलं की ट्रेल सहा-सात मिमीने हलतो.

सोसायटीचा सेक्रेटरी

माझा प्रश्न या धाग्यात बसतो का बघा. मुलीला ऑनलाइन वीस इंची सायकल मागवली. चाक, हँडल, पेडल घरी जोडायचं होतं, जोडलं. मुलगी म्हणते वळताना बूट चाकाला लागतो आणि हँडल जड आहे. आमच्याच इमारतीत आणखी एका मुलाची हीच तक्रार.

खटपट्या

ब्रेक फोर्कच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या?

सोसायटीचा सेक्रेटरी

मागच्या. फ्रेमकडे तोंड.

खटपट्या

फोर्क उलटा लागलाय. आजच्या आज सरळ करा, तोवर सायकल चालवू देऊ नका.

पॅक करताना जागा वाचावी म्हणून फोर्क फिरवलेला असतो. घरी आपण चाक तसंच टाकतो आणि हँडल सीटकडे तोंड करून दिसलं की फक्त हँडल फिरवतो. फोर्क राहतो उलटा. वीस इंची चाक, ७० अंश कोन, ४० ऑफसेट धरला तर सरळ फोर्कला ट्रेल ४८ च्या आसपास येतो. उलटा केला की ऑफसेट वजा व्हायच्या ऐवजी मिळवला जातो आणि ट्रेल होतो १३० च्या वर! हँडल जड वाटणारच. चाक मागे आल्यामुळे बूट घासतो ते वेगळं, आणि वळताना बूट अडकला की पोर थेट तोंडावर.

हँडलचा स्टेम ढिला करा, फोर्क १८० अंश फिरवा, ब्रेकची तार वेटोळी न होता सरळ येते ना पाहा, मग आवळा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोरात पिळा. हललं तर अजून आवळा.

पोटऱ्या_बेजार

अवांतर: कोणी मुद्दाम उलटा लावत असेल का?

घाटवाट

लावतात की. युरोपात मोटरसायकलच्या मागे धावायच्या ट्रॅक शर्यती असतात, त्यातल्या सायकलींना स्टेअर म्हणतात. पुढचं चाक लहान आणि फोर्क उलटा. मोटरसायकलच्या मागे एक रोलर असतो. त्याला जितकं चिकटून राहाल तितका वारा कमी, म्हणून चाक मागे घेतात. ट्रेल प्रचंड वाढतो, पण तिथे वेगच इतका असतो आणि वळणं अशी उतरती बांधलेली की त्याचा फायदाच होतो. तीच सायकल लक्ष्मी रोडवर आणली तर पहिल्याच चौकात आडवी.

अक्षांश

मी शिकवतो फिजिक्स, म्हणून एक खडा टाकतो. ट्रेल जास्त म्हणजे स्थिर, इतकं सरळ समीकरण मांडू नका. सायकल उभी राहते ती चाकांच्या जायरोस्कोपमुळे, म्हणजे फिरतं चाक आपली दिशा टिकवू बघतं त्यामुळे, असं जुन्या पुस्तकांत असतं. त्याला पहिला मोठा धक्का दिला डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानं. १९७० साली ‘फिजिक्स टुडे’मध्ये त्याचा लेख आला. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची, हा त्याचा उद्योग.

पहिल्या सायकलला त्यानं पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक लावलं आणि ते उलटं फिरवलं. जायरोस्कोपचा परिणाम रद्द. तरी सायकल चालवता आली, फक्त हात सोडून चालवणं अवघड गेलं. मग पुढे फर्निचरच्या पायाला असतं तसलं इवलंसं चाक लावून पाहिलं. मग फोर्क उलटा केला, वरच्या वीस इंचीसारखाच. ती सायकल माणसाशिवाय ढकलून दिली तर इतकी छान सावरत गेली की तो चकित झाला. शेवटी पुढचं चाक नेहमीच्या जागेपासून चार इंच पुढे नेलं. ट्रेल उणे झाला, टायर रेघेच्या पुढे टेकायला लागला. ही सायकल मात्र सारखी पडायला बघायची. चालवता आली, पण जीव मुठीत धरून.

तेव्हापासून ‘सगळा खेळ ट्रेलचा’ हे मत पक्कं झालं. पण तेही पूर्ण खरं नाही.

वायव्य_वारा

पुढचं मी लिहिते, कारण मी डेल्फ्टमध्येच राहते आणि रोज त्या विद्यापीठावरून सायकलनं जाते.

डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल इथल्या लोकांनी मिळून २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये एका विचित्र सायकलवर लेख लिहिला. कोइमन, मायार्ड, पापाडोपोलस, रुइना आणि श्वाब हे पाच लेखक. तिला सीट नाही, स्वार नाही, चाकं अगदी लहान. प्रत्येक चाकाला जोडून उलटं फिरणारं दुसरं चाक, म्हणजे जायरोस्कोपचा परिणाम जवळजवळ शून्य. आणि ट्रेल उणे ४ मिमी. जोन्सच्या हिशोबानं ती पडायलाच हवी. पण ठराविक वेगाने ढकलली की ती पळत जाते, बाजूनं धक्का दिला तर डुलते आणि परत सरळ होते.

कारण वजनाची वाटणी. तिच्या पुढच्या भागाचं वजन स्टिअरिंगच्या रेघेच्या पुढे आहे आणि मागच्या भागाच्या वजनापेक्षा खाली. खालचं वजन लवकर पडतं. सायकल कलली की पुढचा भाग मागच्याआधी पडायला बघतो, आणि तो रेघेला अडकलेला असल्यामुळे पडण्याऐवजी त्याच बाजूला वळतो. कलेल तिकडे चाक वळलं की सायकल सावरली. ते वळवायचं काम ट्रेल करेल, जायरोस्कोप करेल किंवा वजन करेल.

याच मंडळींपैकी काहींनी २००७ मध्ये एका नमुना सायकलची समीकरणं पक्की करून दिली. ७२ अंश कोन, ८० मिमी ट्रेल, स्वार पुतळ्यासारखा ताठ आणि हात सोडलेले. ती स्वतःहून स्थिर राहते ताशी साडेपंधरा ते साधारण पावणेबावीस किमी या पट्ट्यात. त्याखाली नागमोडी होऊन पडते. त्यावर अगदी सावकाश एका बाजूला कलत जाते, पण ते इतकं हळू की माणूस कळायच्या आत दुरुस्त करतो.

रपेटकर, तुमचा सहाचा वेग त्या पट्ट्यापासून फार खाली आहे. तिथे कुठलीच सायकल स्वतः सावरत नाही, तुम्ही सावरता. भूमिती फक्त तुमचं काम सोपं किंवा अवघड करते.

रपेटकर

ताई, हे शेवटचं वाक्य दुकानदाराला ऐकवायला हवं. त्याचं ‘सवय होईल’ अगदीच चूक नव्हतं म्हणजे!

खटपट्या

सवय होते हो. वाकड्या चिमट्याचीही होते. पैसे मोजून वाकड्याची सवय का लावायची, एवढाच प्रश्न.

ताईंनी वजनाचं लिहिलं ते अगदी पटलं. आपली जुनी २८ इंची काळी सायकल घ्या. माझ्याकडच्या एकीचा हेड अँगल ६७ च्या आसपास भरतो. नळी इतकी झोपलेली असून तिला आजचा ४५ चा ऑफसेट दिला असता तर ट्रेल १०० मिमीच्या वर गेला असता. म्हणून तिचा चिमटा खाली ऐटीत पुढे वळलेला असतो, साडेसात सेंटीमीटर. ट्रेल येतो ६९. खडबडीत रस्ता, मागे दुधाचे कॅन किंवा सिलिंडर, वेग बारा-चौदा. झोपलेला कोन आणि दोन चाकांमधलं लांब अंतर यांनी धक्के सुसह्य होतात, आणि मोठ्या ऑफसेटने हँडल हातात राहतं. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला कळत होतं.

मधली दांडी

पण वळलेला चिमटा धक्के खातो म्हणून वळवतात ना? सरळ चिमटा हाताला जास्त लागतो असं ऐकलंय.

घाटवाट

थोडं खरं, बरंचसं ऐकीव. स्टिअरिंगच्या दृष्टीनं तर वळण असो-नसो, काही फरक नाही. इटलीच्या कोलनागो कंपनीने १९८७ च्या सुमारास सरळ दांड्यांचा प्रेसिसा फोर्क आणला तेव्हाही हाच वाद झाला होता. त्याच्या दांड्या सरळ असल्या तरी माथ्यापाशीच थोड्या पुढे झुकवलेल्या आहेत, त्यामुळे ऑफसेट तेवढाच. सायकलला अ‍ॅक्सल कुठे आहे तेवढंच कळतं, तिथपर्यंत दांडी वळत गेली की सरळ गेली याच्याशी तिला देणंघेणं नाही. हाताला धक्के कमी हवेत तर टायर जाड घ्या, फोर्कच्या वळणावर आशा ठेवू नका.

सायली_बीआरएम

उशिरा आले. माझा प्रश्न वेगळा. उंची पाच फूट एक, सायकल सगळ्यात लहान साइझची, चाकं ७००. ग्रुपमधल्या एकाकडे याच मॉडेलची मोठी साइझ आहे. त्याची सायकल कशी पटापट वळते, माझी ट्रकसारखी. बीआरएमला (लांब पल्ल्याची, ठराविक वेळेत पूर्ण करायची राइड) पहाटे तीन वाजता झोप यायला लागली की हे फार जाणवतं. मॉडेल तेच, फोर्क तोच, मग फरक कशाचा?

खटपट्या

फोर्क तोच, हीच तर गोम आहे. तक्ता देता का?

सायली_बीआरएम

माझा हेड अँगल ७०, त्याचा ७३. ऑफसेट दोघांचा ४५. टायर २५ चे.

खटपट्या

त्याचा ट्रेल ५६. तुमचा ७४. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन वेगळ्या सायकली आहेत या.

होतं असं की लहान फ्रेमवर ७०० चं चाक बसवलं की वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं. ते टाळायला चाक पुढे ढकलावं लागतं आणि त्याचा स्वस्त मार्ग म्हणजे हेड अँगल झोपवणं. प्रामाणिक मार्ग असा की कोनाबरोबर फोर्कचा ऑफसेटही वाढवायचा. ५३ चा फोर्क असता तर तुमचा ट्रेल ६६ झाला असता, आणि चाकही आणखी पुढे गेल्यामुळे बूट अजून मोकळा. पण मग प्रत्येक साइझला वेगळा फोर्क करावा लागतो, त्याचा साचा वेगळा, साठा वेगळा. म्हणून पुष्कळ कंपन्या सगळ्या साइझना एकच फोर्क लावून मोकळ्या होतात. काही दोन-तीन ऑफसेट ठेवतात, काही लहान साइझला चाकच लहान देतात. आपल्याकडे लहान साइझ घेणारे इतके असताना हा मुद्दा दुकानात कोणी काढतसुद्धा नाही, याची मला चीड येते.

सायली_बीआरएम

म्हणजे दोष माझ्या चालवण्यात नव्हता! मग ५३ चा फोर्क घेऊ का?

खटपट्या

घेता येईल, पण कार्बनचा असेल तर उंची जुळवून घ्या, ३७० च्या आसपास असते ती. आधी फुकटचा उपाय करून पाहा. पुढे हँडलला बॅग लावता का?

सायली_बीआरएम

हो, हँडलवर मोठी. पॉवरबँक, खाणं, पावसाचं जाकीट, सगळं त्यातच.

घाटवाट

मग ती मागे न्या, सीटखाली. हँडलची बॅग हँडलबरोबर वळते, तिचं वजन रेघेच्या पुढे लटकतं आणि फ्लॉप वाढवतं. तुमचा ट्रेल आधीच जास्त, त्यात ही भर.

फ्रेंच रँदोनर (लांब पल्ल्याच्या) सायकली पुढेच बॅग वागवतात, पण त्यांचा ट्रेल त्यासाठीच कमी ठेवलेला असतो, ३०-४० मिमी. चाक ६५० बी, म्हणजे ७०० पेक्षा जरा लहान, टायर जाड. जाड, कमी हवेचा टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि स्वतःही थोडी सरळ करणारी ओढ देतो, त्यामुळे इतका कमी ट्रेल चालून जातो. सायकलींवर लिहिणारा यान हाइने गेली कित्येक वर्षं हे हिरिरीनं मांडतोय. मी अशी एक चालवली आहे. बॅगेत वजन असताना अप्रतिम, दमलेला माणूसही रेघेत चालवेल. रिकामी असताना जरा चुळबुळी. उलट माउंटन बाइकवाल्यांनी कोन ६५-६४ वर नेला आणि ऑफसेट ५१ वरून ४४ वर आणला. ट्रेल १२० च्या पुढे. त्यांना दगडांच्या उतारावर चाक हातातून हिसकलं जायला नको असतं. सपाट रस्त्यावर ती सायकल कशी वळते याची त्यांना फिकीर नाही. सामान कुठे आणि वेग किती हे सांगितल्याशिवाय चांगला ट्रेल कोणता, या प्रश्नाला उत्तरच नाही.

पोटऱ्या_बेजार

ताम्हिणी उतरताना माझं हँडल अचानक थरथरायला लागलं होतं, पन्नासच्या वेगाला. भीतीनं घट्ट धरलं तर आणखी वाढलं. ट्रेल कमी पडला का?

वायव्य_वारा

एकट्या ट्रेलवर ढकलू नका. त्याला शिमी म्हणतात. फ्रेम पिळवटते आणि सुटते, चाक डावं-उजवं होतं आणि दोघांचा ताल जुळला की थरथर वाढत जाते. ढिला हेडसेट, मागच्या कॅरियरवर हलणारं सामान, लवचीक उंच फ्रेम, थंडीनं ताठरलेले हात, यातलं काहीही कारणीभूत असू शकतं. घट्ट धरलं की हात आणि खांदे त्याच तालात सामील होतात.

परत झालं तर दोन्ही गुडघ्यांनी, किंवा निदान एकानं, मधली नळी दाबून धरा. बूड सीटवरून किंचित उचला, पकड सैल ठेवा आणि हळूहळू वेग कमी करा. गुडघ्यानं बहुतेक वेळा लगेच थांबतं.

सोसायटीचा सेक्रेटरी

फोर्क सरळ केला. दुसऱ्या मुलाच्या सायकलचाही उलटाच होता. मुलगी म्हणते, “बाबा, आता एका हातानं पण येते.” एका हाताचं कौतुक करावं की ओरडावं कळेना. आता पार्किंगमधल्या सगळ्या लहान सायकली बघून घेतो.

रपेटकर

शोधाशोध करून एक बिनशॉकचा स्टीलचा फोर्क सापडला. उंची ४१०, ऑफसेट ४५. चारशेचा कुठेच नाही. दहा मिमी जास्त चालेल का?

खटपट्या

डोळे झाकून घ्या. अर्धा अंश पडेल, ट्रेल ७१-७२ होईल. मूळ ६८ होता, फारसं जाणवणार नाही. विकत घ्यायच्या आधी वरच्या नळीचा व्यास जुन्याशी जुळतो ना बघा, आणि ब्रेक तुमच्या जातीचा लागतो ना. डिस्कच्या फोर्कला व्ही-ब्रेकचे खुंट नसतात, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

रपेटकर

व्ही-ब्रेकचाच आहे, विचारून घेतलं. नळी लांब आहे, कापावी लागेल म्हणतात. आणि जुना वाकलेला सरळ करून ठेवू का, अडीअडचणीला?

खटपट्या

स्टीलचा आहे, थोडाच वाकला असेल तर सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा असता तर नाही म्हटलं असतं, कार्बनचा तर थेट भंगारात. पण आधी माथ्यापाशी रंग सुरकुतलाय किंवा तडकलाय का ते उजेडात बघा. तिथे काही दिसलं तर नाद सोडा.

नळी एकदम बेतावर कापू देऊ नका. दोन-तीन स्पेसर (हँडलखालच्या कड्या) जास्तीचे राहू देत. काही दिवस चालवून हँडलची उंची ठरवा, मग हवं तर परत कापा. आणि सीट पुढे सरकवली असेल तर ती परत जागेवर घ्यायला विसरू नका, नाहीतर गुडघा दुखतो म्हणून नवा धागा काढाल.